प्रोस्टेटचे इंजेक्शन आणि अंगातून येणाऱ्या वाफा

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मे महिन्याबद्दल मी वेगळे सांगायला नको. पारा ४४-४५ अंशांवर आणि दवाखान्यात येणारा प्रत्येक जण घामाने निथळत येणार. अशा एका संध्याकाळी एक गृहस्थ पत्नीसह आले. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वय ६८. खरे नाव सांगणे योग्य नाही. आपण त्यांना आप्पा म्हणू. तक्रार आप्पांची नव्हती, काकूंची होती.

“डॉक्टरसाहेब, हे रात्री चार-चार वेळा उठून बनियन बदलतात. कूलरसमोर झोपूनही चादर भिजते. आणि थंडीतसुद्धा असंच होत होतं.”

काकूंचे शेवटचे वाक्य मी नीट ऐकले नाही. उन्हाळा आहे, घाम येणारच, पाणी भरपूर प्या, असे सांगून मी पुढच्या पेशंटला आत बोलावले. ही माझी चूक. ती कबूल केल्याशिवाय आजचा विषय पुढे नेता येणार नाही. कारण आप्पांना प्रोस्टेटचा कर्करोग होता, त्याआधी सव्वा वर्षापासून त्यांना दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन चालू होते, आणि हे सगळे मला माहीत होते. रोगाचा संशय येऊन त्यांना शहरातल्या रुग्णालयात मीच पाठवले होते.

नोव्हेंबरमध्ये आप्पा पुन्हा आले, ते कंबर धरूनच. मी उपचारांचे कार्ड मागितले. शेवटचे दोन रकाने कोरे होते. चौकशी करता हळूहळू उलगडा झाला. इंजेक्शनच्या तारखेला आप्पा घरून डबा घेऊन निघत, एस.टी.ने शहरात जात, दिवसभर स्टँडवर जुन्या सोबत्यांबरोबर बसत आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. घरात सर्वांची समजूत, इंजेक्शन झाले. रक्त तपासले. इंजेक्शने नियमित चालू असताना १ च्या खाली आलेला पीएसए ३८ वर गेला होता.

काकू औषधाच्या दुकानात गेल्याची खात्री करून घेऊन आप्पा खालच्या आवाजात म्हणाले, “डॉक्टरसाहेब, त्या इंजेक्शननं मला बायकांचा आजार लागला. अंगातून वाफा निघतात, छाती दुखते, हातातली ताकद गेली. स्टँडवर एकानं सांगितलं, हे इंजेक्शन माणसाला बाई करतं. मी दोन सोडली, तर घाम कमी झाला बघा.”

घाम कमी झाला होता हे खरेच. पण ज्या हार्मोनच्या अभावामुळे घाम येत होता, ते शरीरात परत तयार होऊ लागले होते आणि त्याच्याबरोबर आजारही डोके वर काढत होता. मे महिन्यात मी दहा मिनिटे दिली असती, तर पुढचे टळले असते. असे आणखी काही आप्पा आपल्या गावोगाव असणार, म्हणून आजचा हा लेख.

हे इंजेक्शन करते काय?

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी असते. तिची वाढ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर होते आणि तिच्या कर्करोगाच्या पेशीही त्याच खुराकावर पोसतात. हा खुराक तोडला तर रोग आटोक्यात येतो, हे अमेरिकेतल्या शिकागो येथील डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. (आपल्या परळचे टाटा रुग्णालय सुरू झाले तेही याच वर्षी.) या कामाबद्दल हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी एक उपाय म्हणजे वृषण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. ती आजही होते, एकदाच करावी लागते आणि खर्चही कमी. इंजेक्शनाने तेच काम शस्त्रक्रियेशिवाय होते.

आप्पांना मी हे त्यांच्याच भाषेत समजावले. टेस्टोस्टेरॉन तयार होते वृषणात, पण तसा हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदू हा कंडक्टर. तो ठरावीक वेळाने घंटी देतो, ती ऐकून मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी, म्हणजे आपला ड्रायव्हर, गाडी पुढे काढतो. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शने ती घंटी थांबवत नाहीत, उलट अखंड वाजवत ठेवतात. ड्रायव्हर आधी गोंधळून गाडी जोरात काढतो, मग वैतागून घंटीकडे लक्ष देणेच सोडतो. गाडी उभी राहते. यामुळेच पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन आठवडे हार्मोन घटण्याऐवजी वाढते. त्या काळात त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या जोडीला देतात. त्या गोळ्या ‘जादा’ समजून टाळू नयेत. डेगारेलिक्स नावाचे इंजेक्शन मात्र घंटीची दोरीच कापते, त्यात ही सुरुवातीची वाढ होत नाही.

आप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत.

तेव्हा एक गोष्ट स्पष्ट व्हावी. वाफा येणे, थकवा, इच्छा नाहीशी होणे ही रोग वाढल्याची लक्षणे नव्हेत, तुम्हाला दुसरा कुठला आजार जडला असेही नव्हे. हार्मोन कमी झाल्याची ती खूण आहे, म्हणजे इंजेक्शन आपले काम करते आहे. पण म्हणून ‘सहन करा’ असे म्हणून पेशंटला वाटेला लावणे हेही बरोबर नाही. यातल्या बहुतेक त्रासांवर काही ना काही करता येते.

वाफा

हे इंजेक्शन घेणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना हा त्रास होतो. छातीतून किंवा पाठीतून एकदम ऊब उसळते, चेहरा-मान तापते, मग घाम फुटतो आणि शेवटी हुडहुडी. दोन-चार मिनिटांचा खेळ, पण दिवसातून दहा-दहा वेळा होऊ शकतो. आपल्या मेंदूत तापमान सांभाळणारी एक यंत्रणा असते. लैंगिक हार्मोन एकदम घटले की ती फार चिडखोर होते. एरवी लक्षातही न येणारी थोडीशी उष्णता वाढली, तरी ‘आग लागली’ असे समजून घामाचे सगळे नळ सोडते. पाळी जाताना बायकांना होते ते हेच. म्हणजे आप्पा म्हणत होते त्यात अर्धे तथ्य होते. मात्र त्याने कुणी बाई होत नाही. आवाज तोच राहतो, मिशी राहते, माणूस तोच राहतो. अंगावरचे केस थोडे विरळ होतात, त्वचा कोरडी पडते, इतकेच.

हे मी काकूंसमोर सांगितले, तेव्हा त्या आप्पांकडे वळून म्हणाल्या, “मला पाच वर्षं होत होतं. चुलीपुढं उभी राहून पदरानं घाम पुसत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, उगाच नाटकं करते.” आप्पा खाली बघू लागले. पण त्या दिवसापासून या बाबतीत काकूच माझ्या मदतनीस झाल्या. घरातल्या ज्या बाईने हे भोगले आहे, तिच्याइतकी माहिती कुठल्या पुस्तकात नाही.

पहिला उपाय वही. आठवडाभर वाफ आली की वेळ लिहायची आणि त्याआधी काय खाल्ले-प्यायले, काय केले तेही. आप्पांच्या वहीत तीन गोष्टी निघाल्या: चारचा कडक गरम चहा, रात्रीची झणझणीत शेवभाजी आणि टेरिकॉटचा बंद गळ्याचा शर्ट. चहा कोमट केला, शेवभाजी आठवड्यातून एकदा आणि तीही दुपारी, अंगात सुती सदरा. एवढ्यावर रात्रीचे बनियन चारवरून दोनवर आले. दारूने वाफा वाढतात. तंबाखू-बिडीही सोडावी, तिचे हाडांवरचे परिणाम पुढे येतीलच. झोपताना एक जाड रजई घेण्यापेक्षा दोन पातळ चादरी घ्याव्यात, म्हणजे एक बाजूला सारता येते. उशाशी पाण्याचा तांब्या आणि कोरडा पंचा ठेवावा. वाफ येते आहे असे वाटताच बसून, नाकाने अगदी सावकाश, पोट हलेल असे श्वास घ्यावेत.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन आणि सायप्रोटेरॉन या हार्मोनच्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. व्हेन्लाफॅक्सिन व गॅबापेंटिन या मूळच्या वेगळ्या आजारांवरच्या गोळ्याही काहींना लागू पडतात. यापैकी एकही गोळी दुकानदाराला विचारून घ्यायची नाही. कुणाच्या पायात गाठी होण्याचा धोका असतो, कुणाचे लिव्हर नाजूक असते, कुणाचा रक्तदाब चढतो. कोणाला काय द्यायचे हे तुमचे उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील.

आणि प्रत्येक घाम हा इंजेक्शनचाच, असेही समजू नये. घामाबरोबर छातीत दाब, दम किंवा डाव्या हातात कळ असेल तर ते हृदयाचे असू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला घामाबरोबर थरथर आणि भूक लागली तर साखर उतरलेली असू शकते. रोज संध्याकाळचा बारीक ताप, खोकला आणि रात्रीचा घाम असेल तर क्षयाची तपासणी हवी. घाईघाईत ‘उन्हाळा आहे’ म्हणणारा डॉक्टर भेटला, तर त्याला माझा हा लेख दाखवा.

हाडे

वाफा निदान कळतात तरी. हाडे मुकाट्याने झिजतात. टेस्टोस्टेरॉन हाडांचेही राखणदार असते. ते गेले की हाडांची घनता पहिल्या वर्षापासूनच कमी होऊ लागते. २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या ५० हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर किमान पाच वर्षे जगलेल्यांपैकी हार्मोन उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांचे हाड मोडले होते, न घेतलेल्यांपैकी १२.६ टक्के. म्हणजे आजार काबूत, पण माणूस मोडलेल्या खुब्याने अंथरुणाला खिळलेला, असे होऊ शकते.

उपचार वर्षभर किंवा त्याहून अधिक चालणार असतील, तर सुरुवातीलाच डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी करावी. ती जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरात होते, इंजेक्शनच्याच फेरीत उरकता येते. कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम लागते. दोन कप दुधात सुमारे ५०० मिलिग्रॅम मिळते. त्यात दही-ताक, तिळाची चटणी, पालेभाजी यांची भर घालावी. नाचणी आपल्या खानदेशात फारशी पिकत नाही, पण दुकानात सहज मिळते. १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारीच्या भाकरीत निम्मी नाचणी मिसळली तर घरच्यांच्या लक्षातही येणार नाही (रंगावरून येईल, पण चवीला तक्रार नसते). आहारातून भागले नाही तरच गोळी, आणि तीही जेवणाबरोबर. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी विचारावे. ‘ड’ जीवनसत्त्व आपल्या उन्हातल्या माणसालाही कमी असलेले मी रोज पाहतो. तपासून डोस घ्यावा, आठवड्याची पुडी वर्षानुवर्षे मनाने घेऊ नये.

घनता फारच घटली असेल तर झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शने देतात. ती सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याला दाखवून किडलेले दात काढून घ्यावेत. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही.

हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळे. प्रोस्टेटचा पेशंट रात्री तीनदा लघवीला उठतो, संडास अंगणाच्या टोकाला, वाटेत उंबरठा, दिवा नाही, फरशी ओली. माझे आणखी एक पेशंट असेच पडले आणि मनगट मोडून आले. झोपायच्या खोलीपासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा ठेवा, मोरीत भिंतीला धरायला पाइप बसवून घ्या, गुळगुळीत झालेल्या स्लिपर फेकून द्या. रात्री उठताना आधी खाटेवर अर्धा मिनिट बसावे, मग उभे राहावे.

पोट, साखर आणि थकवा

पेशंट सांगतात, “डॉक्टर, वजन वाढलं, म्हणजे तब्येत सुधारली.” मी हात बघायला सांगतो. दंड सुकलेले, पोट पुढे. या उपचारांत स्नायू घटतात आणि चरबी वाढते. काटा किती दाखवतो यापेक्षा पायजम्याची नाडी किती सैल करावी लागते ते पाहा. वाढत्या चरबीबरोबर साखरही वाढू लागते. या इंजेक्शनांमुळे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१० साली औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला. म्हणून दर तीन महिन्यांनी कंबर, वजन, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर, तर सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासावे. यासाठी शहरात जाण्याची गरज नाही. तालुक्याच्या गावातला तुमचा नेहमीचा डॉक्टर एवढे नक्की करू शकतो. ज्यांना आधीच झटका येऊन गेला आहे किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी ते इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना न विसरता सांगावे.

थकव्याबद्दल आपल्या घराघरांत एकच सल्ला असतो: पडून राहा. मुले कौतुकाने वडिलांच्या हातातली पिशवीसुद्धा काढून घेतात. हा सल्ला चुकीचा आहे. पडून राहिल्याने स्नायू आणखी जातात आणि थकवा वाढतो. २००३ साली कॅनडातल्या संशोधकांनी हार्मोन उपचार चालू असलेल्या १५५ पुरुषांवर प्रयोग केला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस, १२ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचा थकवा कमी झाला, न करणाऱ्यांचा वाढला. थकव्यावर इतके खात्रीचे औषध माझ्या कपाटात दुसरे नाही.

त्यासाठी जिम लागत नाही. आप्पांना मी असे बसवून दिले: लाकडी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दहा जोर, पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या कोपरात वाकवून पंधरा वेळा उचलणे. एक दिवसाआड. आणि रोज सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास चालणे, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच. मात्र ज्यांच्या हाडांत रोग पसरला आहे त्यांनी व्यायाम ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आप्पांच्या कंबरेच्या मणक्यात रोग होता, म्हणून वाकणे, पीळ देणे, जमिनीवरून जड उचलणे त्यांना पूर्ण बंद केले होते.

हिमोग्लोबिन या उपचारांत साधारण एक ग्रॅमने उतरते. तेवढ्यासाठी लाल टॉनिकच्या बाटल्या रिचवू नयेत, लोह खरोखर कमी असेल तरच ते घ्यावे. छाती दुखणे किंवा थोडी फुगणे हे बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या एकट्या घेतल्यावर जास्त दिसते. ते लवकर सांगितले तर टॅमॉक्सिफेनच्या गोळीने किंवा थोड्या किरणोपचाराने आवरता येते, वर्ष उलटल्यावर अवघड जाते. लाजून ते वर्ष घालवू नये.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही

आता जरा अडचणीच्या विषयाकडे वळतो. संपादकांनी हा भाग छापला तर त्यांचे आभार.

या इंजेक्शनने लैंगिक संबंध अवघड होतात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण मुळात इच्छाच मावळते, हे कुणी सांगत नाही. पुरुषाला स्वतःलाही ते समजत नाही. त्याला वाटते, आपले वय झाले, आपण संपलो. बायकोला वाटते, आपल्यावरचे मन उडाले. वाफांमुळे काकूंची झोप मोडू नये म्हणून आप्पा बाहेर ओट्यावर झोपू लागले होते. त्यांनी कारण सांगितले नाही. काकूंनी समजून घेतले, की हे रागावले आहेत. सात-आठ महिने दोघे एका घरात हा गैरसमज घेऊन वावरत होते. ४५ वर्षांचा संसार.

मी दोघांना समोर बसवून सांगितले, की हा औषधाचा परिणाम आहे, मनाचा नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “मग एवढं सांगायला काय झालं होतं?” यापुढे मला काही सांगावे लागले नाही. ज्या जोडप्यांना संबंध चालू ठेवावेत असे वाटते त्यांच्यासाठी गोळ्या व इतर साधने आहेत, ती तज्ज्ञाला विचारून वापरता येतात. मात्र सिल्डेनाफिलची गोळी हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने कधीही घ्यायची नाही, रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. शिवाय नुसत्या गोळीने इच्छा परत येत नाही. बऱ्याच जोडप्यांना शेजारी झोपणे, पाठीवरून हात फिरवणे, गप्पा मारणे एवढेच पुरते, आणि ते कुठल्याही इंजेक्शनने जात नाही.

भिंतींवर आणि एस.टी.च्या सीटमागे ‘गेलेली ताकद परत’ देणाऱ्या पुड्यांच्या जाहिराती असतात. या पेशंटने त्यांच्या वाटेला जाऊ नये. पुडीत नेमके काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, आणि खरोखरच पुरुषी हार्मोन वाढवणारे काही असले, तर ज्या रोगाला आपण उपाशी ठेवतो आहोत त्याला पंक्तीला बसवल्यासारखे होईल.

मनही हळवे होते. एरवी कडक असलेला माणूस मालिका पाहताना रडतो, नातवावर उगाच ओरडतो, नावे विसरतो. घरच्यांनी त्याची थट्टा करू नये. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणे, जेवण तुटणे, ‘आता जगून काय’ असे बोलणे हे नुसते हळवेपण नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. नैराश्यावर चांगले उपचार आहेत.

इंजेक्शन सोडता येते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर रोगाच्या पायरीवर अवलंबून आहे. रोग ग्रंथीपुरता असून किरणोपचारांच्या जोडीला हार्मोन दिले असेल, तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुदत ठरलेली असते. ती संपल्यावर टेस्टोस्टेरॉन हळूहळू परत येते. त्याला काही महिने ते वर्षभर लागते, वय जास्त असेल तर आणखी वेळ लागतो, काहींचे पूर्ववत होतही नाही. रोग पसरलेला असेल तर उपचार सहसा कायमचे असतात. काही निवडक रुग्णांत पीएसएवर लक्ष ठेवून मध्ये विश्रांती देतात, पण ती विश्रांती डॉक्टरांनी ठरवायची असते, स्टँडवरच्या सोबत्यांनी नव्हे. त्रास असह्य असेल तर तसे स्पष्ट सांगा. औषध बदलता येते, जोडीला दुसरे देता येते. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की वरचे सर्व त्रास तिच्यानंतरही होतात आणि ती परत फिरवता येत नाही. फायदा हा, की तारीख चुकण्याचा प्रश्न उरत नाही. खर्चामुळे इंजेक्शन चुकत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारावे.

एक लक्षण मात्र उद्यावर टाकायचे नाही. प्रोस्टेटच्या पेशंटच्या पाठीत नवी किंवा वाढती कळ असेल, आणि पाय लटपटणे, मुंग्या येणे, लघवी तुंबणे किंवा शौचावरचा ताबा जाणे यांतले काहीही झाले, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्यावे. काही तासांच्या उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात. आप्पांना नोव्हेंबरमध्ये मी याच धास्तीने त्याच रात्री एमआरआयसाठी धाडले होते. मज्जारज्जू सुदैवाने मोकळा निघाला.

त्यांचे इंजेक्शन पुन्हा सुरू झाले, आधी संरक्षक गोळ्या देऊन. कंबरेला किरणोपचार झाले. जोडीला ॲबिराटेरॉन आणि प्रेडनिसोलोन अशा गोळ्या आहेत. ॲबिराटेरॉन उपाशीपोटीच घ्यायची असते, तिच्यामुळे रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरते, पायांवर सूज येते. म्हणून ते सध्या दर महिन्याला माझ्याकडे रक्तदाब आणि रक्त तपासून घेतात. प्रेडनिसोलोन ‘स्टेरॉइड आहे’ असे कुणीतरी सांगितले म्हणून एकदम बंद करू नये. या उपचारात ती मुद्दाम दिलेली असते.

परवा आले होते तेव्हा पीएसए पुन्हा १ च्या खाली होता. वाफा अजून येतात, दिवसाकाठी दोन-तीन. ओट्यावरची खाट घरात आली आहे. इंजेक्शनचे कार्ड आता काकूंच्या बटव्यात असते आणि दर तारखेला त्या स्वतः बरोबर जातात. “हिचं अर्धं तिकीट आणि माझंही अर्धं,” आप्पा म्हणाले, “दोघं मिळून एकाच भाड्यात जाऊन येतो.”